उजेडाच्या प्रदर्शनातला अनोळखी शेजारी

बायको गेल्यापासून माझ्याशी कोणी साधं बोलत नव्हतं. राजपुऱ्याच्या बाजारात भाजीसाठी थांबलो तरी भाजीवाली आवाज खाली आणायची आणि चांगली वांगी निवडून पिशवीत टाकायची. शाळेतले जुने सहकारी भेटले की आधी हात धरायचे, मग तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारायचे. सगळे मनापासून वागत होते, त्यामुळे तक्रारही करता येईना. मी बाहेर पडणं कमी केलं आणि पुस्तकं घेऊन बसू लागलो. वाचलेलं मात्र डोक्यात शिरत नव्हतं.

उजेडापासून केलेल्या आधुनिक कलेचं प्रदर्शन शहरात भरल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. एका कॉलेजच्या हॉलमध्ये, खिडक्यांना काळे पडदे लावून ते मांडलं होतं. खरं सांगायचं तर मी कलेसाठी गेलोच नाही. तिथे अंधार असेल, मला कोणी ओळखणार नाही, एवढ्यासाठी गेलो.

आत यंत्रातून धूर सोडला होता. कोपऱ्यातून येणारा प्रकाशाचा झोत त्या धुरात पसरून कनातीसारखा ताणलेला दिसत होता. हात लावला तर लागेल असं वाटलं. मी पुढे झालो आणि तसाच उभा राहिलो.

"ओ भाऊ, बाजूला व्हा ना. सगळा उजेड तुम्हीच अडवला," मागून एक माणूस खेकसला.

मी सरकलो. कित्येक महिन्यांत माझ्यावर कोणी खेकसलं नव्हतं. बरं वाटलं.

तो शेजारी येऊन बोलू लागला. खकनारकडचा, केळीची बाग असलेला. मुलीने बळेच आणलं होतं. पहाटे बागेत बॅटरी लावली की धुक्यात हे असंच दिसतं, त्यासाठी शहरात कशाला यायचं, असं त्याचं म्हणणं. मग त्याने विचारलं, "भाभी नाही आल्या का सोबत?"

खरं सांगितलं असतं तर त्याचाही आवाज लगेच खाली आला असता.

"एकटाच आलोय," मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

"मग मजा आहे तुमची. आमची असती तर म्हटली असती, दिवसाढवळ्या लाइट लावून बसले हे लोक. अन् बटण शोधून बंद करून आली असती."

माझ्या बायकोनेही अगदी हेच केलं असतं. मी मोठ्याने हसलो. त्या अंधारात कोण हसलं ते कोणी वळून पाहिलं नाही, आणि हसून झाल्यावर मलाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

तेवढ्यात त्याच्या मुलीने हाक मारली.

"चला भाऊ, येतो," तो सहज म्हणाला.

दुःखाच्या घरून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. इतके महिने आमच्याकडे येणारे सगळे, थोडा वेळ बसून, 'येतो' न म्हणताच निघून जायचे.

"या," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नेहमीसारखा वाटला. पुढच्या दालनातून निळसर उजेड येत होता. तिथे काय मांडलंय, ते आता मला बघायचं होतं.