लॉबीतला सोफा

"ताऊ, उठो यहाँ से. माताजी को भी उठाओ."

गुरुग्रामच्या उंच बिल्डिंगीच्या लॉबीत आम्ही नवरा-बायको सोफ्यावर बसलो होतो. समोर टाय लावलेला मॅनेजर. बाकीचे सोफे रिकामे. जूनची दुपार. बायकोच्या पोटाला ऑपरेशनचे टाके. टाक्यांना घाम लागू देऊ नका, असं डॉक्टरने बजावलेलं. आणि वर फ्लॅटमधली वीज गेलेली. फक्त आमचीच.

फ्लॅट मुलीने महिन्यापुरता भाड्याने घेऊन दिला होता. ऑपरेशनचा मोठा दवाखाना जवळ म्हणून. ती नांदेडला नोकरीत. विजेचे पैसे आधी भरायचे, संपले की मीटर आपोआप बंद, एवढं तिने सांगितलं होतं. पैसे मालकाला आगाऊ दिलेही होते. मी दुसरी शिकलेला, जन्म मोंढ्यात पोती वाहण्यात गेला. पण भरलेलं पुरवून वापरायचं, हे मला कोणी शिकवायला नको. एसीला हात लावला नाही. बायको तर पंखाही बंद करायला लावायची. "अहो, महिनाभर पुरवायचंय." मग मी ओलं फडकं हलवून तिला वारा घालायचो.

तरी मीटरमधले पैसे संपले.

मुलीला फोन केला. रिचार्ज मालकाच्याच मोबाइलमधल्या ॲपवरून होतो म्हणाली. मालक अमेरिकेत. तिथे रात्र. तो फोन उचलेना. ती रडायला लागली, तसा मी फोन ठेवला आणि बायकोला धरून खाली गारव्याला आणलं.

मॅनेजर हसला. "एसी चलाओगे तो मीटर भागेगा ही, ताऊ."

"नहीं चलाया. पंखा भी बंद रखा."

"तो भी कटेगा. मेंटेनेंस भी मीटर से ही कटता है. लिफ्ट, बाहर का फव्वारा, ये लॉबी का एसी. सब उसी में से."

मी वर पाहिलं. छतातून गार हवा येत होती.

"मतलब इस हवा में हमारा पैसा है?"

"वो फ्लैट का होता है, आपका नहीं. रेज़िडेंट लोग शिकायत करते हैं. चलो, ऊपर जाओ."

म्हणजे आम्ही वर फडकं हलवत होतो आणि आमच्या पैशाने इथे रिकामे सोफे गार होत होते. गार्ड आम्हाला सामानाच्या लिफ्टने पाठवायचा. ज्या लिफ्टमध्ये घेत नव्हता, तीही आमच्याच पैशावर.

गावच्या पाराचे दगड आमच्या वस्तीने वाहिले होते. बापानेही. पार झाल्यावर एकदा तो दमून तिथे टेकला. "ऊठ रे," पारावरचे लोक एवढंच म्हणाले. तो उठला. धोतर झटकलं. मी त्याचं बोट धरून होतो.

बायको उठायला लागली. "चला हो. लोक बघायलेत."

मी तिचं मनगट धरलं. "बस."

मॅनेजरने गार्डला खूण केली. गार्ड पुढे आला.

मला ते ॲप कळत नाही. मीटर चालू करता येत नाही. तिच्या टाक्यांची आग मला घेता येत नाही. कुणाकडे दाद मागायची, तेही ठाऊक नाही. बसणं तेवढं येतं.

म्हटलं, "उठाना है तो दोनों को उठाओ. हम नहीं उठेंगे."

पोती वाहिलेलं अंग आहे. जड जाईल. आणि आज उचललं, तर उद्या दुपारी पुन्हा इथेच बसणार. वीज येवो, न येवो.