पेन्सिलीतला चांदपतंग

पतंगांच्या पेटीत सकाळी हात घातला की बोटांना त्यांच्या पंखांची पिठासारखी भुकटी चिकटते. झटकली तरी जात नाही. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातले किस्से तसेच! मी लक्ष्मण, तिथला शिपाई, शिक्षण चौथी. आमचे सर रात्री पेटीवर दिवा लावून पतंग पकडत आणि नागपूरकडचे दुर्मीळ पतंग रजिस्टरात नोंदवत. नियम कडक. हातात आला तर शाई, नुसता दिसला तर पेन्सिल!

काटोलच्या एका संत्राबागेत सरांना एकदा लांब शेपट्यांचा, फिकट हिरवा चांदपतंग दिसला होता. तेव्हा ते एकटेच होते. ती ओळ अकरा वर्षं पेन्सिलीतच होती.

* * *

पेटीत पतंगांना बसायला अंड्यांचे ट्रे लागतात. सर पक्के शाकाहारी. धरमपेठेतल्या दुकानात खाली मान घालून म्हणाले, "अंडी नकोत, नुसते ट्रे द्या."

दुकानदार हळूच म्हणाला, "मी घरी नाही सांगत जी. घेऊन जा बिनधास्त!"

* * *

कळमेश्वरजवळच्या शेतात संध्याकाळी पांढरी चादर बांधली, समोर दिवा लावला. अर्ध्या तासात सारं गाव पोती अंथरून हजर!

"सिनेमा कवा सुरू होते जी?"

"सिनेमा नाही, किडे येतात," मी म्हणालो.

लोक उठायला लागले. तेवढ्यात पहिला पतंग चादरीवर येऊन बसला. एका म्हातारीनं शेजारणीचा पदर ओढला, "बस वं खाली. हिरो आला!"

* * *

काही पतंग दिव्याला येत नाहीत. त्यांच्यासाठी गूळ, सडकं केळं आणि दारू कालवून झाडाच्या खोडाला फासायची. मी दारूच्या खर्चाचा अर्ज ऑफिसात नेला. हेडक्लार्क बडे बाबूंनी चष्मा काढला.

"कोन पिऊन राहिलं गा?"

"पतंग, साहेब."

"मंग त्यायची सही घेऊन ये!"

* * *

सर रिटायर होणार, त्या दिवशी सकाळी मी एकट्यानंच पेटी उघडली. अन् काय सांगू! ट्रेवर तळहाताएवढा हिरवा पतंग, खाली लांब शेपट्या! चांदपतंग! पतंग मारायच्या औषधाची बाटली घेतली, झाकण काढलं. पाहतो तर ती मादी, एक एक करून अंडी घालत होती.

मी झाकण परत लावलं. तिचं झाल्यावर ती कडुनिंबावरून उडून गेली.

सर आले. "सर, तुमचा चांदपतंग आला होता. मले मारवलं नाही. अंडी घालून राहिली होती ती."

सरांनी ट्रे उचलून डोळ्यांजवळ धरला. "शेवटी आपल्या ट्रेमध्ये अंडी आलीच म्हणायची!"

"अंड्यांवरून नोंद होते ना, सर?"

"नाही होत."

मग त्यांनी रजिस्टर काढलं. काटोलची ओळ पेन्सिलीतच राहू दिली. खाली आजची नवी ओळ लिहिली, शाईनं. पुराव्याच्या रकान्यात लिहिलं : "लक्ष्मणने पाहिला."