सोळा सोमवारांचा बहाणा

"बॅलनोपोस्थायटिस," नांदेडचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे लिंगाचं टोक आणि त्यावरची कातडी, दोन्हीला सूज. मी पँट सावरत भिंतीकडं बघत होतो. शेहेचाळीस वय, उदगीरच्या मोंढ्यात धान्याचं दुकान, दोन पोरींचा बाप. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग बोटातून रक्त घेतलं. साखर तीनशेच्या वर.

"मूळ हे आहे. लघवीतून साखर जाते, तिथं बुरशीला फावतं. किती दिवस अंगावर काढलंत?"

दोन महिने! आधी खाज, मग लाली, मग कातडी मागं सरेना, लघवीला आग. गावातल्या मेडिकलवाल्याला सांगितलं, काखेत गजकर्ण झालंय. त्याच्या ट्यूबनं आणखीच चिघळलं.

आणि बायकोला, सुनंदाला? तिला सांगितलं, सोळा सोमवार धरलेत, तोवर खाली सतरंजीवर वेगळा झोपणार. महादेवाच्या नावानं खोटं बोललो, हो! ती बिचारी माझ्यासोबत उपास करायला लागली. दर सोमवारी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा गोड कीस. मी मिटक्या मारत खायचो, आणि आत साखर चढत होती.

डॉक्टरांनी मलम दिलं, साखरेची गोळी दिली. कोमट पाण्यानं धुवा, साबण नको, म्हणाले. निघताना बोलले, "बायकोला घेऊन या. त्यांनाही लागण झालेली असू शकते."

उदगीरपर्यंत बसमध्ये सुनंदाच डोळ्यांपुढं. ती म्हणणार, कुठं तोंड काळं करून आलात? संसार मोडतो की काय, हीच धास्ती.

पोरी शिकवणीला गेल्या होत्या. सुनंदा साबुदाणा निवडत होती. उभ्यानंच बोललो, "व्रतबित काय न्हाई. मला खाली रोग झालाय, साखरेनं. बाईचं लफडं न्हाई, तुझी शप्पत."

तिनं ताट बाजूला ठेवलं. मग पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

"मला बी दीड महिना झालं, लई खाज सुटून राहिली वो. मला वाटलं, तुमाला कळलं. माझी किळस आली म्हणून तुमी खाली झोपून राहिले."

पुढच्या आठवड्यात दोघं मिळून नांदेडला गेलो. पंधरा दिवसांत दोघांनाही उतार पडला. माझी साखरेची गोळी मात्र चालूच आहे.

गड्यांनो, असं काही झालं तर डॉक्टर गाठा, आणि त्याआधी घरात सांगा. त्या रोगाची लाज मला आता वाटत नाही. दीड महिना ती शेजारच्या पलंगावर स्वतःलाच दोष देत पडली होती आणि मी व्रताचं सोंग करून घोरत होतो, त्याची वाटते.