नारिंगी सैनिक

नारळी पौर्णिमा जवळ आली की मुरुडच्या किनाऱ्यावर होड्या रंगवायला घेतात. काल तो उग्र वास ओटीपर्यंत आला आणि वडिलांची, आबांची बोटं आठवली.

माझा भाऊ सैन्यात होता. मी शाळेत असताना एका वर्षी तो सीमेवर गेला आणि त्याची पत्रं थांबली. घरी त्याचा एक खोका होता. त्यात बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक, हात, पाय, बंदुका सुट्या, जोडून रंगवायचे. एका दुपारी आबांनी तो काढला. जाळी ओढून जाड झालेल्या बोटांनी ते एकेक हात खांद्याला चिकटवू लागले. मग माझा ब्रश मागून घेतला आणि होडीच्या रंगाचा डबा उघडला.

"आबा, नारिंगी? खोक्यावर हिरवा हाय."

"हिरवा कशाला?"

"झाडीत दिसू नये म्हणून."

आबांनी ब्रश डब्यात बुडवला. "जाल्याचे तरंगते बोये आपन नारिंगी का रंगवतो? पान्यात लांबून दिसायला. ह्यो दिसलाच न्हाय, तर आनायला कोन जाईल गो बाय?"

मला हसू आलं. आबा खाली बघून रंगवत राहिले.

काही महिन्यांनी भाऊ सुट्टीवर आला. खिडकीतली नारिंगी सैनिकांची रांग पाहून म्हणाला, "आबा, ह्ये तर पयल्या गोळीलाच पडतील!" आणि पोट धरून हसला. जाताना मात्र त्यातला एक खिशात टाकला.

भाऊ आता निवृत्त होऊन घरी आहे. तो सैनिकही खिडकीत परतला आहे. अंगठा टेकतो तेवढ्या जागेचा नारिंगी रंग झिजून गेला आहे.