फीत बांधलेली पाणपोई

समोरच्या कापडदुकानदारानं आज दारात पाणपोई मांडली. रांजण दोनच, पण वरचा दुकानाचा फलक गल्लीच्या टोकावरून वाचता यावा एवढा. नोकरांना सारखे पिवळे टी-शर्ट घालून भर उन्हात उभं केलेलं. नगरसेवक यायचे होते, म्हणून रांजणांना लाल फीत बांधून ठेवली होती. तहानेलाही मुहूर्त लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

तेवढ्यात डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक म्हातारी थांबली. "दादा, जरा पाणी देता का?"

"आजी, उद्घाटन झालं की या," शेठ म्हणाला.

विक्रीला असलेल्या वंदनानं फीत बाजूला सारली आणि तांब्या भरून म्हातारीला दिला.

"अगं, फोटो व्हायचाय अजून!" शेठ खेकसला.

"फोटोत रांजणातलं पाणी थोडंच दिसतंय, शेठ? प्या हो आजी, सावकाश."

म्हातारी पाणी प्यायली आणि वंदनाचं नाव विचारून गेली. फलकाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. दुकानाचं नाव होतं ते असं, कुणा एकाच्या हातून, फोटो निघत नसताना. या गाढवाच्या दुकानात नाव कमावणारं माणूस एकच आहे, आणि तेही त्यानं गेल्या वर्षी ऐन दिवाळीत माझ्या दुकानातून फोडून नेलंय.