अकराव्या खिडकीतून

फ्रेंच मला आगाशेबाईंनी शिकवलं. उमरखेडहून पुण्यात आलेल्या, घरातला पहिलाच पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलाला त्यांनी तीन वर्षं तास संपल्यावर थांबवून घेतलं. अनुवादाच्या नोकरीतून फ्रान्सला जाता आलं, ते त्यांच्यामुळे.

त्यांच्या वर्गात दिजों शहरातल्या एका ‘ओतेल’चं (सरदार घराण्याच्या शहरातल्या वाड्याचं) चित्र होतं. त्यातल्या खिडक्या मोजत आम्ही आकडे शिकलो. पहिल्या दिवशी मी बावरून “दहा” म्हणालो.

“दहा? अकरावी काय उमरखेडला ठेवून आलास?”

निघण्याआधी वारज्याला त्यांच्या भाचीकडे गेलो. बाई आता अंथरुणातून उठत नाहीत. चित्र समोरच्या भिंतीवर होतं. तरुणपणी त्यांना फ्रान्सला जायची संधी आली होती. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि ते राहूनच गेलं.

“त्या कोपऱ्यातल्या अकराव्या खिडकीत बसून मी मनातल्या मनात किती वाचलंय रे,” त्या म्हणाल्या. “तिथून काय दिसतं ते बघून ये. आणि पत्र लिही. फोनवर तू भरभर बोलतोस.”

दिजोंत उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. बाईंसाठी ‘पँ देपिस’ (मध आणि मसाला घातलेला केक) घेतला. दुकानदारीण हसून म्हणाली, “आपण आमच्या आजीसारखं बोलता. कुठे शिकलात?”

“पुण्यात,” मी म्हणालो. फार अभिमान वाटला.

वाडा दाखवायला एक निवृत्त शिक्षिका होत्या. मी कोपऱ्यातली खोली दाखवायची विनंती केली. आत गेलो, तर समोर कोरी भिंत.

“खिडकी?”

“ती बाहेरूनच दिसते, मस्य (महाशय). रंगवलेली आहे.”

मग त्यांनी हकीकत सांगितली. वाडा राज्यक्रांतीपूर्वी एका सरदार न्यायाधीशाने बांधला. त्याची एकुलती मुलगी याच खिडकीत बसायची. ती देवीच्या आजाराने गेली. रिकामी खिडकी आईला बघवेना, म्हणून तिने ती चिणून टाकली. क्रांतीत घराणं परागंदा झालं, वाड्याचा लिलाव झाला. नव्या मालकाला, एका दारूच्या व्यापाऱ्याला, दर्शनी भाग एका बाजूने आंधळा वाटे. त्याने चितारी बोलावून तिथे काचा, झडपा, अर्धा सरकवलेला पडदासुद्धा रंगवून घेतला. जुन्या घराण्यातलं कोणी परत आलं नाही.

बाहेर येऊन बराच वेळ वर बघत राहिलो. बाईंनी माझी एकही चूक कधी खपवून घेतली नव्हती. दोन पत्रं लिहून फाडली. तिसरं पाठवलं:

“ती. बाईंना सा. नमस्कार.

अकराव्या खिडकीच्या अगदी खाली, भिंतीला पाठ लावून अर्धा तास उभा राहिलो. समोर लिंडनचं मोठं झाड आहे. त्यामागे चर्चचा मनोरा. मी होतो तेवढ्यात एक आजीबाई लांब पाव काखेत धरून गेल्या, आणि दोन कबुतरं भांडली. रस्ता शांत आहे. उजेड डावीकडून येतो, वाचायला चांगला.

खिडक्या पुन्हा मोजल्या. अकराच आहेत, बाई. त्या दिवशी माझंच चुकलं होतं.”