गिटारची खंडेनवमी

माझा पहिला अल्बम जॅझ फ्यूजनचा. म्हणजे कशाचा, हे आमच्या गावात, वेल्ह्यात, मला आजवर कुणालाच धड सांगता आलेलं नाही; खरं तर पुण्यातही नाही. गावात पहिला प्रश्न ठरलेला, "गाणं कोन म्हनतंय?" कुणीच नाही म्हटलं, की माणूस असा बघतो, जणू त्याला जेवायला बोलावून मी नुसत्या पत्रावळ्या मांडल्यात.

आई असलं काही विचारायची नाही. माझी खोली गोठ्याला लागून. मी वर्षानुवर्षं तिथं गिटार घासायचो आणि ती पलीकडून ओरडायची, "बंद कर ती किरकिर! म्हस पान्हा सोडंना!" इतकी रोखठोक समीक्षा पुढं मला कुणी दिली नाही.

स्टुडिओची तारीख मिळाली ती नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. खंडेनवमीला आईनं कोयता, विळा, फवारणीचा पंप ओळीनं मांडले आणि मधोमध माझी गिटार. मी आंघोळ करून येतो तोवर तिला हळद-कुंकू, झेंडूचा हार आणि वर नारळाचं पाणी! ओघळ पार बटणांच्या फटीत.

"अगं आई, लाईटवर चालती ती!"

"मग? ट्रॅक्टरवर न्हाई का शिंपडत? त्यो बंद पडला का कधी?"

मी कपाळावर हात मारला आणि टॉवेलनं गिटार वरवर पुसून घेतली.

पुण्यात स्टुडिओत गिटार जोडली, तर कढईत भजी सोडल्यासारखा आवाज. रेकॉर्डिंगवाल्यानं मागचं झाकण उघडलं. आत लाल चिखल. आमचा ड्रमवाला म्हणाला, "सत्यनारायणाला नेली होतीस काय रे?" माझं असं टाळकं सरकलं! पण स्टुडिओ मोजकेच दिवस मिळालेला. शेवटी तिथलीच एक गुळगुळीत गिटार उचलली आणि अख्खा अल्बम तिच्यावर वाजवला. चांगला वाजला, हेच तर जास्त झोंबलं.

घरी आलो तर आईनं साऱ्या बाजारात सांगून ठेवलेलं, "पूजा केली म्हनून पोराचं काम झालं." आता हिला खरं कुठल्या तोंडानं सांगू? तिचं तोंड एवढंसं झालेलं मला बघवलं नसतं. गिटार गुपचूप दुरुस्त करून आणली आणि मूग गिळून बसलो.

अल्बम आला त्या सकाळी ती शेणाचे हात धुऊन पायरीवर बसली. "लाव," म्हणाली. मी मोबाईलवर लावला. मला वाटलं, दोन मिनिटांत उठेल. उठली नाही. पहिली रचना संपली, दुसरी संपली. तिसरी लागली तेव्हा म्हणाली, "ह्यात आपली कुठंय?"

"आपली म्हंजे?"

"आपल्या गिटारीचा आवाज जाडा हाय, घसा बसल्यावानी. ही लई गोड बोलतीया. कुनाची आनलीस?"

 म्हणजे ही बाई इतकी वर्षं गोठ्यातनं सगळं ऐकत होती! मला हसूही येईना आणि रडूही. मी आतनं आपली गिटार आणली आणि उगाच तिच्या बटणांच्या फटी पुसत बसलो.

तिनं एकदा त्या फटींकडं बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"फुडल्या येळंला नुसतं फूल वाहते," ती म्हणाली. "पानी न्हाई घालत."